गाऊन, पैठणी आणि बोटीवरची पंगत

सप्रेम नमस्कार ताई,

मी सांगलीची, वय 59. मिस्टर बँकेतून निवृत्त झालेत. मुलगा आणि सून सिंगापूरला असतात. येत्या डिसेंबरात आम्हा दोघांना आणि सुनेच्या आईवडिलांना घेऊन चार रात्रींच्या क्रूझवर जायचं त्यांनी ठरवलंय. सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत. मुलाने व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला. रात्रीच्या जेवणाला कोणत्या दिवशी कसे कपडे घालायचे ते त्यात आहे. एक रात्र 'फॉर्मल', बाकीच्या 'कॅज्युअल' नाहीतर 'स्मार्ट कॅज्युअल'. सूनबाईला विचारलं, तर म्हणाली, "आई, फॉर्मल नाइटला बायका गाऊन घालतात." तेव्हापासून झोप उडालीय. साडी आणि पंजाबी ड्रेस सोडून मी उभ्या जन्मात काही घातलेलं नाही. विहीणबाई पुण्याच्या, त्या वन-पीस घालतात, फोटो पाहिलेत मी. जाऊबाई म्हणतात, साडी नेसून गेलं तर आत सोडत नाहीत. मिस्टर म्हणतात, मी बर्मुडावरच जेवणार. मी काय करू? गाऊन शिवून घेऊ? पैठणी नेली तर फार होईल का? की त्या रात्री डोकं दुखतंय म्हणून केबिनमध्येच थांबू?

— तुमची एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना आधी मनापासून हसले, तेवढं माफ करा. तुम्हाला नाही, त्या शब्दाला हसले. गाऊन म्हणजे काय हे आपल्याकडे कुठल्याही गल्लीत सकाळी साडेसहाला कळतं. दूधवाल्याची बेल वाजली की वर ओढणी टाकून ज्या कपड्यात दार उघडतो, तो गाऊन. सुती, फुलाफुलांचा, गुडघ्याशी खिसा, खिशात सुटे पैसे आणि एक चिमटा. मोठ्ठं झुंबर लागलंय, पांढऱ्या चादरीची टेबलं मांडलीत आणि दोनशे बायका तसले गाऊन घालून सूप पितायत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. ते काही मला आवरेना. सूनबाईंना म्हणायचा होता तो समारंभाला घालायचा पायघोळ झगा. शब्द एकच, पण त्याने तुमची झोप उडवली.

आता सरळ उत्तर. गाऊन शिवू नका. केबिनमध्ये बसू नका. साडी नेसा. आणि जाऊबाईंना प्रेमाने सांगा की त्यांची माहिती चुकीची आहे.

बोटीवर फॉर्मल म्हणजे अमुक एकच कपडा, असं नसतं. पुरुषांनी सूट किंवा जाकीट-टाय, बायकांनी पायघोळ ड्रेस, गुडघ्यापर्यंतचा पार्टीचा ड्रेस नाहीतर चांगला पँट-सूट, असं साधारण लिहिलेलं असतं. मतलब एवढाच, की आज समारंभ आहे, समारंभासारखे या. कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात कडक समजली जाणारी कंपनी क्युनार्ड. क्वीन मेरी 2 तिचंच जहाज. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री जातं आणि त्यात सहसा दोन 'गाला' रात्री असतात. पुरुषांनी काळा डिनर सूट नाहीतर गडद सूट, त्यावर बो किंवा टाय घालावा अशी अपेक्षा असते. त्या क्युनार्डच्याही नियमांत आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो असं स्वच्छ लिहिलंय. तिथे चालतं ते सिंगापूरच्या चार रात्रींच्या बोटीवर कोण अडवणार? उलट डिसेंबरात त्या बोटीवर तुम्हाला इतकी भारतीय कुटुंबं भेटतील, की फॉर्मल नाइटला लिफ्टमध्ये साड्यांची गर्दी होईल आणि एखादी नागपूरची बाई तुमच्या ब्लाउजचा गळा निरखून टेलर कोण म्हणून विचारेल.

शिवाय हा सगळा प्रकार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. अटलांटिक ओलांडायला विमानं नव्हती तेव्हा मोठ्या बोटींच्या पहिल्या वर्गात रोज संध्याकाळी नटून जेवायला उतरायची पद्धत होती. पाच-सहा दिवस चारी बाजूंना पाणी, दुसरा उद्योग काय? ती हौस अजून उरलीय, पण नियम सैल झालेत. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल रात्र नसतेच. सेलेब्रिटी कंपनीने 2015 मध्ये 'फॉर्मल' हा शब्दच काढून टाकला आणि 'इव्हिनिंग शिक' असं काहीतरी मोघम नाव दिलं, म्हणजे छान दिसा पण टायसाठी भांडणार नाही. तुमच्यासारख्या तीन-चार रात्रींच्या सफरीत एखादीच फॉर्मल रात्र असते, तीसुद्धा सहसा निघतो त्या दिवशी नाही आणि शेवटच्या रात्रीही नाही. का, ते पुढे सांगते. अगदीच नटायचं नसेल तर वरच्या डेकवर बुफे चालू असतो. तिथे त्या रात्रीही नेहमीच्या कपड्यांत जेवता येतं, फक्त ओले पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय नकोत. तेव्हा डोकं दुखण्याचं नाटक करायची वेळ येणारच नाही.

'देशाचा पोशाख' म्हटलं की मला दर वेळी आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कोलकात्याहून बोटीत बसून ही मुलगी अमेरिकेला गेली, साडीतच. तिथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहायला लागल्या, तेव्हा तिने झगा नाही घातला. गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागली, पाय झाकले गेले, प्रश्न मिटला. फिलाडेल्फियाच्या तिच्या मेडिकल कॉलेजातला 1885 चा एक फोटो आहे. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत, तिसरी सीरियाची विद्यार्थिनी तिच्या देशाच्या पोशाखात. कॉलेजच्या डीनबाईंनी दिलेल्या समारंभातला तो फोटो. म्हणजे फॉर्मल नाइटच म्हणा ना.

तेव्हा साडी की नाही हा विषय संपला. कोणती साडी, हा खरा विषय. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मी स्वतः आपटलेय.

पैठणी फार होईल का, विचारलंत. अजिबात नाही. त्या रात्री काहीच फार होत नाही. चकचकीत टिकल्यांचे ड्रेस, पिसं लावलेल्या पर्स, सगळं दिसेल तुम्हाला, त्यात पैठणी साधी वाटेल. पण माझं मत विचाराल, तर नेऊ नका. आपण पैठणी नेसतो ती घरच्या कार्यात. खुर्चीवर पदर पसरायला जागा असते, आसपास चार बायका असतात, घरी येऊन ती उलगडून वाऱ्यावर टाकता येते. बोटीवर जेवणाच्या खुर्च्या एकमेकींना खेटून. वेटर खांद्यावरून सॉसची वाटी पुढे करतो. कपाट वीतभर. तुम्ही सगळा वेळ पैठणीकडे बघत बसाल, समुद्राकडे बघणं राहूनच जाईल.

माझ्या पहिल्या क्रूझला मी आईची कांजीवरम नेली होती, लाल आणि मोरपंखी. ती बॅगेत चुरगळणार हे माहीत होतं, म्हणून सोबत छोटी प्रवासी इस्त्री घेतली. आपण किती हुशार, असं वाटत होतं. सगळ्यांच्या बॅगा केबिनशी आल्या, माझी येईना. रात्री आठला फोन आला, खाली या. खाली एका खोलीत बॅगांची रांग आणि समोर ओशाळलेले मालक. कोणाच्या बॅगेत मेणबत्ती, कोणाच्या बॅगेत पाणी तापवायची कॉइल, माझ्यात इस्त्री. आग लागायच्या भीतीने बहुतेक सगळ्या जहाजांवर केबिनमध्ये इस्त्रीला बंदी असते, कपड्यांना वाफ देणाऱ्या स्टीमरलाही. त्या माणसाने इस्त्री काढून घेतली, पावती दिली, उतरताना परत मिळेल म्हणाला. एवढं नम्रपणे बोलला की रागही येईना. फॉर्मल नाइटला मी जी कांजीवरम नेसले, तिच्यावर घड्यांचा सारीपाट उमटला होता. फोटोत अजून दिसतो.

काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्रीचं टेबलही. काही ठिकाणी पैसे देऊन कपडे इस्त्री करून मिळतात. पण त्यावर अवलंबून राहू नका. चुरगळत नाही अशीच साडी न्या. क्रेप सिल्क उत्तम. जॉर्जेट उत्तम. जरा काठपदर हवा असेल तर टसर किंवा हलकी माहेश्वरी. चंदेरी दिसते देखणी, पण फुगते, आणि डेकवर वाऱ्यात फुगलेली चंदेरी सांभाळणं म्हणजे तंबू उभा करणं. रंग गडद घ्या, वाइन, बाटलीहिरवा, मोरपंखी. झुंबराच्या पिवळ्या उजेडात ते उठून दिसतात आणि सूप सांडलं तरी चारचौघांत कळत नाही. मला कांजीवरमने धडा दिल्यानंतर मी दोन्ही वेळा एकच जांभळी क्रेप नेली. दोन्ही सफरींचे फोटो सारखे दिसतात, म्हणून लेक चिडवते. चिडवू दे.

निऱ्यांचं असं करा. निघायच्या आदल्या दिवशी घरी साडी एकदा पूर्ण नेसा, त्या रात्रीच्याच चपला घालून, म्हणजे उंची बरोबर येते. खांद्यावरच्या पदराच्या चुण्या नीट घालून वर एक पिन लावा. पुढच्या निऱ्या सारख्या करून कमरेशी पिन आणि खाली, काठाच्या वर वीतभर, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. मग हळूच सगळं उतरवा. निऱ्या आणि पदर पिना-चिमट्यांसकट पलंगावर पसरा, सुती कापड घालून इस्त्री फिरवा, चिमटे काढा, पिना राहू द्या, आणि मऊ पंच्यात गुंडाळून चौकोनी घडी करा. हल्ली हे काम पैसे घेऊन करून देणाऱ्या बायका सांगलीतही सापडतील, पण अर्ध्या तासाचं काम आहे, तुम्हीच करा. केबिनच्या आरशासमोर, जिथे दोन माणसं एकदम उभी राहू शकत नाहीत आणि मिस्टर टाय शोधतायत, तिथे तुम्ही सात मिनिटांत तयार व्हाल. परकर सॅटिनचा घ्या, तोही एकदा घालून बघितलेला. नाडी तुटायचीच असेल तर ती सांगलीत तुटू दे. पिनांचं मी तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या बांगडीत आत्ताही चार अडकवलेल्या असतील. चाराच्या आठ करा.

केबिनचं कपाट लहान असतं, हे म्हटलंच. पण भिंती बहुधा पोलादी असतात, त्यांना लोहचुंबकाचे हुक चिकटतात. असे चार हुक घेऊन जा. साडी पोहोचल्याबरोबर हँगरवर टाका. बाथरूममध्ये गरम पाण्याने अंघोळ करताना तिथे टांगली तर वाफेने उरलेल्या घड्या निघून जातात. पण जरीची असेल तर हे करू नका.

आता पाय. पेन्सिलसारख्या टाचा घरी ठेवा. जहाज मोठं असलं की हलतंय हे कळत नाही म्हणतात. बहुतेक वेळा खरंही असतं, पण मधूनच जमीन एक बोट सरकते आणि तेवढ्यात तुम्ही जिन्यावर असता. रुंद टाचेची चप्पल किंवा सपाट मोजडी बरी. कोल्हापुरी नको. मला कोल्हापुरी फार प्रिय आहे, पण चामड्याचा तळ ओल्या डेकवर साबणासारखा सरकतो. पर्स खांद्याला लावायची घ्या, म्हणजे एक हात कठड्याला आणि एक निऱ्यांना मोकळा राहतो. बोट लागत असेल तर औषध आधी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि जेवणाच्या आधी घ्या, स्वीट डिश समोर आल्यावर नाही. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायची. तिच्या ड्रेसकोडमध्ये नऊवारी आणि हुंगायला हातात लिंबू, एवढंच होतं. लिंबू अजूनही चालतं.

जेवणानंतर सगळ्यांना वर डेकवर जाऊन फोटो काढायची लहर येतेच. तिथला वारा पदर थेट शेजारणीच्या तोंडावर नेतो. म्हणून पदर खांद्याला पिन केलेला असला तरी त्याचं टोक मागून आणून कमरेला खोचा. कोपरगावच्या बाजारात भाजी घ्यायला जाताना खोचतो, तसाच. फोटोत दिसत नाही.

आणि शाल. हे मी तिन्ही सफरींत विसरणाऱ्या बायका बघून सांगते. बाहेर सिंगापूर-फुकेतचा उकाडा, घामाने केस चिकटलेले, आणि जेवणाच्या हॉलमध्ये एसी असा, की सूप येईपर्यंत बोटं गार. पातळ पश्मिना किंवा सिल्कचा स्टोल साडीवर शोभतो आणि कुडत्यावरही. एक स्टोल चारही रात्री चालतो, कोणी मोजत नाही.

दागिन्यांचं थोडक्यात. सोनं नेऊ नका, परत येताना विमानतळावर जड दागिन्यांची चौकशी होऊ शकते आणि तिथे सांभाळण्याचा ताप वेगळा. मोत्यांची चिंचपेटी, ठुशी एक ग्रॅमची, कानात कुड्या. नथ हौस असेल तर घाला, परदेशी बायका येऊन विचारतील आणि तुम्हाला दहा मिनिटं मोडकं इंग्रजी बोलावं लागेल. मजा येते.

आता मला खरी काळजी वाटते ती फॉर्मलची नाही, तुमच्या त्या 'स्मार्ट कॅज्युअल'ची. बघा हं, आपल्या पिढीच्या कपाटात दोन टोकं असतात. एका टोकाला कार्याच्या साड्या, दुसऱ्या टोकाला तो दूधवाल्याचा गाऊन. मधली जागा ओसाड. लग्नाला नटायचं आपल्याला शिकवावं लागत नाही, पण 'नटल्यासारखं दिसायचं नाही आणि विस्कटलेलंही दिसायचं नाही' हे कुठून आणायचं? बँकेच्या गेट-टुगेदरला, मुलांच्या शाळेच्या वार्षिक दिनाला, भिशीला नव्या सभासदाकडे पहिल्यांदा जाताना तुम्ही जे नेसायचात किंवा घालायचात, तेच ते. इरकल साडी आणि खणाचं ब्लाउज. हातमागाचा कुडता आणि सरळ पँट. चांगल्या कापडाचा चुडीदार-कुडता, ओढणी नीट पिन केलेली. यातलं काहीही तुमच्याकडे आत्ता आहे. दोन जोड घ्या, आलटून पालटून घाला. फक्त रबरी स्लिपर, ट्रॅकसूट आणि घरातला कॉटन ड्रेस जेवणाच्या हॉलमध्ये नको. 'कॅज्युअल' रात्री याहून साधं चालतं, पण अंघोळ केल्यासारखं दिसावं एवढी अपेक्षा असतेच.

जेवणाच्या वेळेकडे नीट बघा, कारण तयारी त्यावर ठरते. मोठ्या हॉलमध्ये बऱ्याचदा दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास, दुसरी आठच्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. सहाची पंगत म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन, तुमच्या चहाची वेळ. भूक नाही आणि साडी नेसायला ऊन असताना बसायचं, हे पहिल्या दोन दिवसांत जमत नाही. मुलाला आताच सांगून दुसरी पंगत घ्या. आणि फुकेतला फोनचं घड्याळ आपोआप तासभर मागे जाईल. जहाजाची वेळ जहाजच ठरवतं, तेव्हा केबिनमध्ये येणारं रोजचं पत्रक किंवा बोटीचं ॲप बघा. कुठल्या रात्री फॉर्मल, तेही त्यातच पक्कं कळतं. बऱ्याच जहाजांवर फॉर्मल रात्री लॉबस्टर असतो. शाकाहारी असाल तर तसं आधी कळवून ठेवा, सिंगापूरच्या बोटींवर भारतीय जेवणाची त्यांना सवय असते. नॅपकिन भला मोठा असतो, मांडीवर पूर्ण पसरा, निऱ्यांचं रक्षण होतं.

त्या रात्री जिन्यापाशी आणि मोठ्या चौकात फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घ्या, दहा काढून घ्या, काढायचे पैसे नसतात. विकत घ्यायचे असतात तेव्हा असतात, आणि महाग असतात. एक चांगला निवडा.

मिस्टरांना सांगा, बर्मुडा दिवसा डेकवर खुशाल, पण रात्री मुख्य हॉलमध्ये दारातून परत पाठवू शकतात. तेव्हा त्यांना एकट्याला वर बुफेला जेवावं लागेल आणि मग ते तुमच्यावर चिडतील. फॉर्मलला सूट नसेल तर कुडता-पायजमा आणि वर नेहरू जाकीट. निवृत्तीच्या समारंभाला घातलेलं जाकीट असेलच, माझा अंदाज चुकायचा नाही.

राहता राहिल्या विहीणबाई. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे, पण झोप त्या वाक्याने उडवलीय, गाऊनने नाही, असं मला दोनदा वाचल्यावर वाटलं. फोटोत मुलगा-सून मध्ये, एका बाजूला वन-पीसमधल्या विहीणबाई, दुसऱ्या बाजूला साडीतल्या तुम्ही, आणि बघणारे तुलना करणार. करू दे की. तुम्हाला मनातून कधीतरी पायघोळ ड्रेस घालून बघायचाय का, हे मात्र स्वतःला एकदा विचारा. तसं असेल तर लाजू नका. पायाच्या बोटांपर्यंत येणारा अनारकली शिवा, बाह्या पाऊण, सोबत चुडीदार. तोही फॉर्मलला अगदी चालतो आणि त्यात तुम्हाला उघडं-उघडं वाटणार नाही. पण केवळ त्या घालतात म्हणून घ्यायला गेलात, तर सगळं जेवण तो खाली ओढण्यात जाईल.

आणि एक करा. आज संध्याकाळी विहीणबाईंना फोन लावा आणि सरळ विचारा, "फॉर्मलला तुम्ही काय नेताय हो?" दहातल्या नऊ वेळा पलीकडून हेच ऐकू येतं, की मी तुम्हालाच विचारणार होते. वन-पीस घालणाऱ्या बाईलाही लेकीच्या सासूसमोर काय घालावं हा प्रश्न पडतो. कदाचित दोघींनी साड्या नेसायचं ठरेल, कदाचित नाही. पण रंग तरी एकमेकींना मारणार नाहीत.

आता ते मघाशी सांगायचं राहिलेलं. पहिल्या रात्री फॉर्मल नसते, कारण बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ उलटते. म्हणून हातातल्या बॅगेत एक जोड कपडे, औषधं, चष्मा आणि आंतरवस्त्रं ठेवा, पहिलं जेवण त्यातच होणार आहे. शेवटच्या रात्रीही फॉर्मल नसते, कारण तेव्हा बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या उचलून नेतात आणि दुसऱ्या दिवशी थेट धक्क्यावर मिळतात. हे माझ्या धाकट्या आत्याला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं आणि तिने ऐकलं नाही. जेवून आली, आवरून झोपायचा गाऊन घातला आणि उत्साहाने उरलेलं सगळं, अगदी ओढणीसुद्धा, बॅगेत भरून कुलूप लावून बाहेर ठेवलं. सकाळी बॅग गायब. मग ती फुलाफुलांच्या गाऊनवर माझा पश्मिना गुंडाळून, पर्स छातीशी धरून, रांगेतून बोट उतरली आणि इमिग्रेशनच्या साहेबांसमोर ताठ उभी राहिली. त्याने पासपोर्ट बघितला, तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला.

तर गाऊन न्याच, झोपायला लागेलच. फक्त शेवटच्या रात्री तो घालण्याआधी सकाळचे कपडे बाजूला काढलेत का, ते बघा.